नवशिक्याची पहिली पंचिंग बॅग कशी निवडावी

नाशिकच्या पंचवटीतल्या माझ्या संध्याकाळच्या बॉक्सिंगच्या वर्गाला येणाऱ्या मुलामुलींना दोन-तीन महिने झाले, गार्ड (चेहऱ्यासमोर हात धरून उभे राहणे) अंगवळणी पडला आणि जॅब (पुढच्या हाताचा ठोसा) थोडा सरळ जाऊ लागला, की त्यांच्यापैकी कुणी ना कुणी हमखास विचारते, "सर, घरी बॅग लावायची आहे. किती किलोची घेऊ?" काही दिवसांपूर्वी हाच प्रश्न सिडकोत राहणाऱ्या एका आईने विचारला. मुलगी पंधरा वर्षांची, वजन ४८ किलो, हात चांगला चालतो. मी त्यांना म्हणालो, "ताई, किलोचं नंतर बघू. आधी सांगा, टांगणार कुठे?" त्या म्हणाल्या, "हॉलमधला पंखा काढू, त्याचा हूक आहेच की." हा लेख लिहायला घेतला तो त्या उत्तरामुळे. बॅग घ्यायला गेलेला माणूस तिचा रंग, तिची लांबी आणि तिच्यावर छापलेले नाव पाहतो. ती कशाला टांगायची आणि तिच्या पोटात काय भरलेले आहे, हे मात्र बहुधा कुणी विचारत नाही. नवशिक्याचे मनगट आणि घराचे छत यांना इजा होते ती याच दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

ज्या बॅगेबद्दल आपण बोलत आहोत ती हेवी बॅग, म्हणजे सरळ नळकांड्याच्या आकाराची, वरून साखळीने टांगलेली जड बॅग. बॉक्सिंगच्या वर्गात आणखीही प्रकार दिसतात. डोक्याच्या उंचीवर भराभर थडथडणारी छोटी स्पीड बॅग हाताची लय बसवते, वर आणि खाली रबराने ताणून बांधलेला चेंडू नजर आणि वेळ साधायला शिकवतो, आणि ६ फुटांची जमिनीपर्यंत येणारी लांब बॅग मुख्यतः लाथांचा सराव करणाऱ्यांसाठी असते. ठोसा शिकणाऱ्याने या कशाचाही विचार पहिल्या वर्षात करू नये. सरळ हेवी बॅगेवर जॅब, क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) आणि शरीरावरचे ठोसे असे सगळे होते. अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) तेवढा तिच्यावर नीट बसत नाही, पण नवशिक्याने तो प्रशिक्षकाच्या हातातल्या पॅडवर शिकलेलाच बरा.

किती वजनाची बॅग घ्यावी, याचे कारण समजून घेतल्याशिवाय आकडा सांगण्यात अर्थ नाही. टांगलेली बॅग हा एक लंबक आहे, आणि लंबकाच्या एका हेलकाव्याला लागणारा वेळ त्याच्या वजनावर अवलंबून नसतो. तो अवलंबून असतो टांगणीच्या बिंदूपासून वजनाच्या मध्यापर्यंतच्या अंतरावर. साडेनऊ फुटी छताला बॅग लावली, तर हे अंतर दीड-पावणेदोन मीटर भरते आणि एक पूर्ण हेलकावा सुमारे अडीच सेकंदांत होतो. आता २० किलोची आणि ४० किलोची अशा दोन बॅगा एकाच उंचीवर टांगल्या आहेत असे धरू. दोघींना लागणारा वेळ जवळजवळ सारखाच असेल, पण एकाच जोराच्या ठोशाने हलकी बॅग जड बॅगेच्या दुप्पट वेगाने सुटेल आणि दुप्पट लांब जाईल. तेवढ्याच वेळात दुप्पट अंतर कापून परत यायचे असल्यामुळे ती अंगावर येतेही दुप्पट वेगाने. नवशिक्याची पावले अजून बसलेली नसतात. अंगावर धावून येणारी बॅग पाहून तो एक तर मागे सरतो, नाहीतर तिला हाताने थोपवतो, आणि या दोन्ही सवयी पुढे रिंगमध्ये महागात पडतात.

मग सरळ खूप जड बॅग घ्यावी, असे वाटू शकते. त्यात अडचण दुसरी आहे. ठोसा आणि ढकलणे यांत फरक आहे, आणि तो फरक बॅगच दाखवते. चांगला ठोसा फार थोडा वेळ टेकतो आणि लगेच परत येतो. त्याने बॅग जागच्या जागी दचकते, मधोमध किंचित वाकते आणि थोडीच हलते. ढकलण्यात हात बराच वेळ टेकलेला राहतो, त्यामुळे बॅग लांबवर झोका घेते, पण समोरच्या माणसाला त्यात काही लागणार नसते. बॅग जास्त हलली म्हणजे ठोसा जोराचा, ही समजूत जवळपास प्रत्येक नव्या मुलाच्या डोक्यात असते. त्याला स्वतःच्या वजनाला न झेपणारी बॅग दिली, की ती हलत नाही म्हणून तो अंग टाकून ढकलू लागतो, खांदा पुढे झुकतो, मागची टाच मोकळीच राहते आणि प्रत्येक ठोशाचा उलटा धक्का मनगट, कोपर आणि खांद्याला बसतो.

म्हणून पहिल्या बॅगेसाठी स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास हा जुना ठोकताळा मला आजही योग्य वाटतो. तो काटेकोर नियम नव्हे. तीन-चार किलो इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही, फक्त चूक करायचीच तर किंचित जास्तीच्या बाजूने करावी. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मेरी कोमने कांस्यपदक जिंकले ते ५१ किलो गटात; त्या अंगयष्टीच्या नवशिक्या मुलीला २५ ते २८ किलोची बॅग पुरते. टोकियोत कांस्यपदक मिळवणाऱ्या लव्हलिना बोर्गोहेनचा गट ६९ किलोंचा होता. तेवढ्या वजनाच्या मुलाला किंवा मुलीला ३५ किलोंच्या आसपासची बॅग घ्यावी. अंदाजासाठी, सिमेंटची एक गोणी ५० किलोंची असते, आणि पहिल्याच दिवशी तेवढ्या वजनाला भिडण्याची कुणालाही गरज नाही. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर मी निम्म्याच्या वर जातच नाही.

इथे बाजारातली एक गंमत लक्षात ठेवावी लागते. आपल्याकडे बॅगा किलोवर विकल्या जात नाहीत, फुटांवर विकल्या जातात, आणि बऱ्याचदा रिकाम्याच मिळतात. मेरठ आणि जालंधर ही देशातली खेळसाहित्याची मोठी केंद्रे आहेत. तिथून येणारी रिकामी खोळ घ्यायची आणि भराव आपण करायचा, अशी रीत आहे. त्यामुळे फूट आणि किलो यांचा मेळ स्वतःच घालावा लागतो. ४ फूट लांब आणि १४ इंच व्यासाच्या खोळीत सुमारे १२० लिटर जागा असते. चिंध्या चांगल्या ठासून भरल्या, तर माझ्या अनुभवात लिटरमागे पाव किलो ते ३०० ग्रॅम बसतात, म्हणजे ही बॅग ३० ते ३६ किलोंची होते. ३ फूट आणि १२ इंचांची खोळ भरली, तर ती जेमतेम १७ ते २० किलोंची होते. ती दहा-बारा वर्षांच्या मुलाला ठीक, मोठ्या माणसाला अपुरी. ५ फुटी बॅग ४० किलोंच्या आसपास किंवा त्याच्याही वर जाते. एकूण, पन्नास ते सत्तर किलो वजनाच्या बहुतेक नवशिक्यांसाठी ४ फुटी खोळ हेच उत्तर येते आणि वजन कमीजास्त करायचे ते भरावाने. १२ इंचांपेक्षा बारीक बॅग मात्र घेऊ नये. हुक मारताना तिच्यावर मूठ नीट टेकत नाही, बाजूने घसरते, आणि घसरलेल्या हुकमध्ये मनगट आतल्या बाजूला मुडपते.

आता भरावाकडे येतो. माझ्या मते पहिल्या बॅगेचा सगळा जीव भरावात असतो, त्यामुळे याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

मी स्वतः शिकत होतो तेव्हा पहिली बॅग मित्रांनी मिळून घरी केली होती. कॅनव्हासची खोळ शिवून घेतली, बांधकामावरची वाळू आणि लाकडाचा भुसा मिसळून भरला आणि ती चिंचेच्या फांदीला टांगली. पहिला आठवडा बरा गेला. मग वाळू हळूहळू खाली उतरली, भुशाने पावसाळी हवेतली ओल धरली आणि बॅगेचा खालचा तिसरा हिस्सा दगडासारखा झाला, हे आमच्या ध्यानात आले नाही. शरीरावरचा डावा हुक मारायला खाली वाकलो आणि मूठ त्या दगडावर बसली. मनगट सुजले, पुढचा दीड महिना मी फक्त दोरीवरच्या उड्या मारत होतो. ते दुखणे अजून लक्षात आहे, म्हणून कुणी वाळू भरायची म्हटले की मी आधी हिशेब मांडतो: कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या वर भरते, म्हणजे ती ४ फुटी खोळ नुसत्या वाळूने भरली तर १८० किलोंच्या पुढे जाईल. वाळूची गरज केवळ वजनापुरती असते, तीही थोडीशी, आणि ती ठोसा जिथे बसतो तिथे कधीच असता कामा नये.

चांगला भराव म्हणजे कापड. नाशिकमध्ये त्याची वाण नाही. जिल्ह्यातच मालेगावचे यंत्रमाग आहेत, शहरात प्रत्येक गल्लीत शिंपी आहे, आणि घरोघरी जुन्या साड्या, चादरी, टी-शर्ट पडलेले असतात. गोधडी शिवणाऱ्या आजीला जे ठाऊक असते तेच इथे उपयोगी पडते: सुती कापड दबून घट्ट बसते, नायलॉन आणि सिंथेटिक साडी घसरते आणि फुगून राहते, म्हणून दोन्ही असतील तर एकाआड एक घालावे. आधी प्रत्येक कपड्याची चेन, बटण, हूक आणि बक्कल कापून काढावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण पॅन्टची एक पितळी चेन आत राहिली, तर ती एक ना एक दिवस मुठीखाली येतेच. मग कापडाचे तळहाताएवढे तुकडे करावेत. मोठ्या कपड्यांचे बोळे झाले की मधे पोकळ्या राहतात. खोळीच्या आतून चारी बाजूंनी योगासनाच्या चटईसारखा सेंटिमीटरभर जाडीचा फोमचा पत्रा गोल फिरवून घ्यावा, म्हणजे मुठीला पहिला स्पर्श मऊ थराचा होतो. त्यानंतर वीतभर कापड टाकायचे आणि मुसळाने किंवा बॅटच्या दांड्याने कडेकडेने गोल फिरत ठासायचे, मग पुन्हा वीतभर. मधोमध ठासले आणि कडा सैल राहिल्या तर बॅग आतून खुंटासारखी कडक आणि बाहेरून लिबलिबीत होते; म्हणून कडा आधी, मध्य नंतर. ४ फुटी बॅग अशी भरायला दोन माणसांना दोन-अडीच तास लागतात, आणि ते लागू द्यावेत.

एवढे करून वजन कमी पडले, तर दोन-दोन किलो वाळूच्या पिशव्या कराव्यात: आधी जाड प्लॅस्टिकची पिशवी, तोंड चिकटपट्टीने बंद, वरून कापडी पिशवी. या पिशव्या बॅगेच्या मध्यरेषेवर, वेगवेगळ्या उंचीवर, चारी बाजूंनी किमान १० सेंटिमीटर कापड राहील अशा ठेवायच्या. तळाशी एकही ठेवायची नाही. ताई आणि दादा दोघे एकच बॅग वापरणार असतील, तर बॅग हलक्याच्या मापाने भरावी आणि वरच्या तोंडाशी दोन पिशव्यांची जागा सोडावी. दादाची पाळी आली की त्या घालता येतात.

तयार भरलेली बॅग घेणार असाल, तर दुकानात ती तपासायची पद्धत सोपी आहे. बॅग टांगून दाखवायला सांगा. मूठ वापरू नका, उघड्या तळहाताने वर, मध्ये आणि अगदी खाली असे तीन ठिकाणी सारख्याच जोराने मारा. तिन्ही ठिकाणी "धप्प" असा दबलेला आवाज यायला हवा आणि तळहात बोटभर आत जायला हवा. खाली "ठक्क" वाजले आणि तळहाताला झिणझिण्या आल्या, तर आत वाळू उतरलेली आहे. वर तळहात पोकळीत गेल्यासारखा वाटला, तर भराव कमी आहे. मग अंगठा जोर देऊन रुतवून पाहा; कडक पण किंचित दबणारी कणीक जशी लागते तसे लागले पाहिजे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि दुकानदार ती करू देत नसेल तर तिथून बॅग घेऊ नये.

खोळीच्या कापडाबद्दल फार लिहायला नको. कातडे सर्वांत टिकाऊ, पण महाग, आणि नाशिकच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर त्याला बुरशी धरते; आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसणे आणि अधूनमधून तेलाचा हात देणे जमणार असेल तरच ते घ्यावे. कॅनव्हास स्वस्त आणि भक्कम असते, पण खरखरीत असल्यामुळे ग्लोव्ह लवकर झिजतात आणि ओलही शोषते. पातळ रेक्झिन उन्हाने तडकते. नवशिक्याला जाड कृत्रिम चामड्याची बॅग सोयीची पडते. प्रकार कोणताही असो, शिवणीकडे जास्त लक्ष द्यावे. साखळी अडकवायच्या कड्या ज्या पट्ट्यांना लावलेल्या असतात, त्या पट्ट्या नुसत्या तोंडाशी रिबिटांनी ठोकलेल्या असतील तर सगळे वजन त्या चार-सहा रिबिटांवर येते आणि तिथेच खोळ फाटते. पट्ट्या बॅगेच्या अंगावरून बऱ्याच खालपर्यंत, दुहेरी शिवणीने गेलेल्या असाव्यात आणि कड्या जोड दिसणार नाही अशा वेल्डिंग केलेल्या असाव्यात. बॅग गच्चीवर किंवा पोर्चमध्ये राहणार असेल, तर पावसाची झड लागणार नाही अशी सोय हवीच. आतल्या चिंध्या एकदा भिजल्या की वाळत नाहीत, कुजतात.

आता छत. सिडकोतल्या ताईंच्या पंख्याच्या हुकाकडे परत येऊ. पंखा चार-पाच किलोंचा असतो आणि तो जागेवर फिरतो. बॅग त्याच्या सहा-सात पट जड असते आणि शिवाय झोके घेते. टांगलेले वजन ४५ अंशांपर्यंत वर जाऊन परत खाली आले, की तळाच्या बिंदूवर हुकावर येणारा ताण मूळ वजनाच्या दीडपटीहून थोडा जास्त असतो. म्हणजे ३५ किलोंची बॅग त्या क्षणी सुमारे ५५ किलोंची होते. खालून वर जाणारा ठोसा बसला, तर साखळी क्षणभर सैल पडते आणि मग हिसका बसतो, तो याहूनही मोठा. एका संध्याकाळी हे शेकडो वेळा घडते. पंख्याचा हूक स्लॅब टाकताना कोणत्या सळईला, किती खोल अडकवला आहे, हे घर घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो, म्हणून त्यावर विसंबू नये. पीओपीच्या खोट्या छताचा तर प्रश्नच नाही.

मी जे सुचवतो ते असे. आरसीसी इमारतीत बॅग स्लॅबला लावण्यापेक्षा बीमला लावावी. चार छिद्रांची लोखंडी पट्टी १० किंवा १२ मिलिमीटरच्या चार अँकर फास्टनरनी (काँक्रीटच्या भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टनी) बीमला बसवली, की भार एका जागी न राहता वाटला जातो. भोक पाडताना सळई लागली तर ती कापत बसू नये, जागा सरकवावी, आणि इमारत जुनी असेल किंवा बीमला तडे दिसत असतील तर आधी बांधकाम अभियंत्याला दाखवावे. सोसायटीत राहणाऱ्यांनी परवानगी घ्यावी आणि खालच्या घराशीही बोलून ठेवावे, कारण बॅगेचा धक्का स्लॅबमधून खाली ऐकू जातो. साखळीच्या वर जड स्प्रिंग आणि पट्टीच्या मागे रबराचा तुकडा घातला तर तो बराच कमी होतो. रो-हाउसच्या पोर्चमध्ये दोन भिंतींवर टेकलेले लोखंडी चॅनेल आडवे टाकून घेणे हा मला सर्वांत निर्धास्त मार्ग वाटतो. अंबड आणि सातपूरच्या पट्ट्यात हे काम अर्ध्या दिवसात करून देणारे फॅब्रिकेटर मिळतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांत सागवानी तुळया असतात आणि त्या भक्कमही असतात, परंतु वाळवी आतून खाते, बाहेरून दिसत नाही; स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चार ठिकाणी रुतवून पाहावे, आणि तुळईत भोक पाडण्यापेक्षा तिच्याभोवती जाड पट्टा फिरवून त्याला बॅग टांगावी. पत्र्याच्या शेडचे पाइप पत्रा पेलण्यासाठी असतात, त्यांना बॅग लावू नये.

हूक उघडा नसावा. इंग्रजी एस अक्षरासारखा हूक वरच्या हिसक्याने निसटतो. बंद कडी आणि स्क्रूने बंद होणारा कॅराबिनर (गिर्यारोहक वापरतात तसली धातूची कडी) घ्यावा, आणि साखळीपासून कॅराबिनरपर्यंत प्रत्येक भाग बॅगेच्या वजनाच्या किमान पाचपट भार सोसणारा असावा. मध्ये एक फिरकी असली म्हणजे बॅग गोल फिरताना साखळीला पीळ पडत नाही. नट सैल होतात, म्हणून महिन्यातून एकदा स्टुलावर चढून पाना फिरवून पाहावा.

भाड्याच्या घरात छताला हात लावता येत नसेल, तर तळाच्या टाकीत पाणी किंवा वाळू भरून उभी राहणारी बॅग मिळते. काहीच नसण्यापेक्षा ती बरी, इतकेच मी म्हणेन. ती झोका घेत नाही, मागे कलून उसळी घेते, त्यामुळे बॅगेभोवती फिरत वेळ साधण्याचा सराव होत नाही. शिवाय फोमखाली दांडा असतो, तो जोराच्या ठोशाला हाताला लागतो. घ्यायचीच झाली, तर टाकी वाळूने भरावी आणि खाली रबरी चटई घालावी. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी चार पायांचा लोखंडी स्टँड करून घेतलेला जास्त चांगला.

जागा किती लागते, हेही आधी मोजावे. बॅगेच्या चारी बाजूंना भिंत, कपाट किंवा खिडकीची काच किमान एक मीटर लांब हवी, आणि निदान तीन बाजूंनी फिरता आले पाहिजे. एका कोपऱ्यात अडकलेली बॅग मुलाला समोर उभे राहून मारायला शिकवते, आणि पाय हलवायचे त्याला सुचतच नाही. उंची अशी ठेवावी की बॅगेचा मध्य आपल्या छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ येईल. साडेपाच फूट उंचीच्या माणसासाठी ४ फुटी बॅगेचे वरचे टोक मग डोक्याच्या थोडे वर आणि खालचे टोक मांडीच्या मध्यावर येते, म्हणजे समोरच्याची हनुवटी आणि बरगड्या या दोन्ही जागा बॅगेवर मिळतात. तरीही पहिल्या दिवशी बॅगेवर खडूने हनुवटीच्या उंचीला एक रेघ आणि बरगड्यांच्या उंचीला दुसरी रेघ मारावी. मुले खांद्याच्या उंचीवर, जिथे कुणाला काही लागत नाही अशा जागी, मारत राहतात.

बॅगेच्या आधी हातासाठी खर्च करावा. साडेचार मीटरची कापडी पट्टी हाताला गुंडाळल्याशिवाय बॅगेला स्पर्श करू नये, हा आमच्या वर्गातला नियम आहे. पट्टी मनगटाला तीन वेढे, तळव्याला तीन वेढे, बोटांच्या मधून, अंगठ्याभोवती आणि उरलेली पुन्हा मनगटाला. ग्लोव्हचे माप औंसात असते आणि एक औंस म्हणजे २८ ग्रॅमच्या थोडे वर. बॅगेसाठी साठ किलोंच्या आतल्यांनी १२ औंस, त्यावरच्यांनी १४ औंस आणि ऐंशीच्या पुढच्यांनी १६ औंस घ्यावेत. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसला पाहिजे. तो करंगळीच्या बाजूला बसू लागला, की तळहातातले करंगळीकडचे हाड गाठीजवळ मोडू शकते; या मोडण्याला डॉक्टर बॉक्सरचे फ्रॅक्चर म्हणतात खरे, पण ते बहुतेक न शिकता मारणाऱ्यांना होते. मनगट दुखले तर त्या दिवशी बॅग बंद. दुसऱ्या दिवशीही दुखले तर डॉक्टरकडे जावे.

स्पर्धेतल्या फेऱ्या तीन-तीन मिनिटांच्या असतात आणि मधे एक मिनिट विश्रांती. घरी सुरुवातीला दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, त्याही निम्म्या जोराने, आठवड्यातून तीनदा एवढेच करावे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, निफाडचा पारा बातम्यांत येतो अशा दिवसांत, दहा मिनिटे दोरीवरच्या उड्या मारून हात गरम झाल्याशिवाय पट्टीही बांधू नये.

सिडकोतल्या त्या मुलीसाठी शेवटी ४ फूट लांब, १२ इंच व्यासाची खोळ घेतली. तिच्यात सुमारे ९० लिटर जागा, म्हणजे ठासून भरल्यावर २४-२५ किलो, तिच्या वजनाच्या निम्मे. चॅनेल पोर्चमध्ये टाकले. भराव तिच्या आजीने आणि तिने मिळून केला. आजीने चिंध्यांमधल्या दोन सुती साड्या बाजूला काढून ठेवल्या आणि त्या बदल्यात एक जुनी सतरंजी दिली. मी त्यांना एवढेच सांगून आलो की तीन आठवड्यांनी बॅग उघडावी लागेल. कापड कितीही ठासले तरी ठोशांनी खाली बसतेच. वर चार-सहा बोटे जागा रिकामी होते आणि तळ घट्ट होतो. तेव्हा बॅग उतरवायची, वरचा निम्मा भराव काढायचा, तळातला भाग हाताने मोकळा करायचा आणि पुन्हा थराथराने ठासायचा. पहिल्या वर्षात हे तीन-चार वेळा करावे लागते, पुढे बॅग स्थिरावते.

वजन वाढवायची वेळ कधी येते, हे तिच्या आईने त्याच दिवशी विचारले. मी म्हणालो, "ताई, तिने पूर्ण जोराने क्रॉस मारला, मूठ लगेच परत हनुवटीशी आली आणि तरीही बॅग दर वेळी हातभर लांब जायला लागली, की दोन किलोची एक पिशवी मधोमध घाला. सध्या बॅग वीतभरच हलते, तोवर काही घालू नका."